ट्रॅक्टर गेटबाहेर लावावा

मागच्या आठवड्यात एका सकाळी बँकेत जायला खाली उतरलो तर गाडीच्या टाकीवर चिठ्ठी. वहीचं पान, पट्टी लावून सरळ फाडलेलं, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. अक्षर इतकं सुबक की क्षणभर वाटलं, कुणाकडं तरी सत्यनारायण आहे.

'कृपया ट्रॅक्टर गेटबाहेर लावावा. – एक रहिवासी.'

'गाडीचा आवाज कमी करावा' असं लिहिलं असतं तर मी ओशाळलो असतो, आणि खोटं कशाला सांगू, मनातून थोडा सुखावलोही असतो. पण ट्रॅक्टर! दोन महिने, साडेसोळा हजार रुपये आणि बायकोचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास खर्च करून मी जो आवाज निवडला, तो या माणसानं एका शब्दात उसाच्या फडात नेऊन सोडला.

पट्टी सोलली तर टाकीवर चार चिकट चौकोन राहिले. बायको म्हणाली, खोबरेल लावा. लावलं. आता त्या चौकोनांवर धूळ बसते. सोलापूरच्या धुळीला निमित्तच हवं असतं.

प्रकरण सुरू झालं सात रस्त्याच्या सिग्नलला. मार्चची अखेर, दुपारचे दोन, हेल्मेटच्या आत भाकरी भाजून निघावी असं ऊन. शेजारी मोपेडवर एक गृहस्थ, पुढं पायाशी कडब्याच्या दोन पेंढ्या. त्यांनी माझी गाडी दिव्यापासून मागच्या नंबरप्लेटपर्यंत निवांत न्याहाळली. मी पोट आत घेतलं.

"छान हाय," ते म्हणाले. "एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जातीय ओ?"

"पेट्रोलवर आहे," मी म्हणालो.

त्यांनी कान माझ्या इंजिनाकडं कलता केला. ऐकलं. मग अतिशय कळवळ्यानं म्हणाले, "मग बंद पडलीय की ओ."

तेवढ्यात सिग्नल सुटला. कडबा पुढं गेला आणि मी तिथंच.

माझी गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650. 648 सीसी, दोन सिलिंडर, 47 अश्वशक्ती. कर्ज फिटायचंय. या जातीला 'मॉडर्न क्लासिक' म्हणतात, म्हणजे दिसायला आजोबा, आतून नातू. इंटरसेप्टर हे नाव 1960 च्या दशकातल्या विलायती एनफिल्डचं. टाकीची ठेवण तशी, गोल दिवा तसा, दोन बाजूंना दोन लांब चकचकीत सायलेन्सर. आत मात्र फ्युएल इंजेक्शन, एबीएस, ऑक्सिजन सेन्सर. भारतात ती नोव्हेंबर 2018 मध्ये आली. मी घेतली ती त्यानंतरची, बीएस-6 वाली. आणि ती शांत आहे यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला नियमानं 80 डेसिबलची मर्यादा आहे. गाडी जोर लावत पुढून जाते आणि साडेसात मीटरवर ठेवलेला माइक ऐकतो. माइकला पटलं की गाडी विकायला मोकळी. म्हणजे 47 घोड्यांच्या तोंडाला मुसक्या बांधल्यात त्या सरकारनं. हे मला पटतंही. फक्त कडबेवाल्याला कोण पटवणार?

तर ठरवलं, सायलेन्सर बदलायचा.

इथं भाषेचीच एक गंमत आहे. इंडियानातल्या कोलंबसच्या रीव्हज बंधूंनी 1897 मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून हा डबा एकाच कामासाठी जन्माला येतो, इंजिनाला गप्प बसवायला. आपण तर त्याला नावच तसं ठेवलंय. आणि मग दुकानात जाऊन म्हणतो, "सायलेन्सर दाखवा, जरा मोठ्या आवाजाचा." मौनीबाबाला 'जरा बोलणारे मौनीबाबा आहेत का' असं विचारण्यातला प्रकार.

त्यात माझ्या गाडीला सायलेन्सर दोन. एका सिलिंडरची बुलेट असती तर एका चुकीत भागलं असतं. इथं प्रत्येक चूक जोडीनं घ्यावी लागते.

त्यानंतरच्या चाळीस रात्री मी मोबाईलवर सायलेन्सर ऐकले. मेगाफोन ऐकले, गोल्डस्टार ऐकले, पी-शूटर ऐकले. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, पंजाबी, इंदोरी. (इंदोरी म्हटलं की पोहे आठवतात अशा निरागस काळात मी परवापरवापर्यंत राहत होतो.) प्रत्येक व्हिडिओत तोच एक हात तेच एक अ‍ॅक्सिलरेटर पिळत असतो, आणि मोबाईलच्या स्पीकरवर सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा. म्हणून इअरफोन आणले. विक्रेत्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोललो. 'टोन कसा आहे' असं विचारलं की एकच उत्तर यायचं: 'सर बेस लै भारी हाय.' बेस हा शब्द आपल्या गावात डीजेवाल्यांनी रुजवला. आता तो लग्नाच्या बँडपासून बाळाच्या रडण्यापर्यंत कुठंही चालतो.

आणखी एक शब्द शिकलो, डीबी किलर. सायलेन्सरच्या शेपटीत घालायची एक छोटी नळी. एका बोल्टवर बसते, एका बोल्टवर निघते; असेल तर आवाज आवरतो, काढली की मोकाट. म्हणजे भूत आणि मांत्रिक एकाच खोक्यात विकतात. वर विक्रेता म्हणतो, "डीबी किलर फ्री हाय सर." भाजीवर कोथिंबीर.

रात्री अकरा, खोलीत अंधार, कानात इअरफोन, कपाळावर घाम, आणि बाहेर पाऊल वाजलं की मोबाईल पालथा. दहाव्या-बाराव्या रात्री बायकोनं एक शब्दही न बोलता माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. अर्धा मिनिट ऐकलं. धड-धड-धड-धड. मग परत देत म्हणाली, "दुसरं काही बघत असता तरी चाललं असतं. निदान कळलं तरी असतं."

शेवटी अशोक चौकाच्या पलीकडं, पूर्व भागातल्या एका बोळात, एका मिस्त्रीकडं गेलो. चांगला माणूस. त्याच्याकडं माझ्या गाडीला बसणारी मेगाफोनची एक वापरलेली जोडी नमुन्याला होती. तो म्हणाला, "सर, आताच पैसे टाकू नका. डावीकडं कंपनीचा राहू दे, उजवीकडं हे लावतो. फिरून या. एका टायमाला दोन्ही कळंल."

मला ही युक्ती फार शास्त्रीय वाटली. अक्कलकोट रोडवर एमआयडीसीपर्यंत जाऊन आलो. उजव्या कानाशी वरात आणि डाव्या कानाशी हरिपाठ. कुठला आवाज कुणाचा हे कळेपर्यंत डोकं दुखायला लागलं.

परत आलो तेव्हा गॅरेजच्या दाराशी ऑइलच्या पालथ्या डब्यावर मामा बसले होते.

मामा गॅरेजचे कुणी नव्हेत. घरात सुनांची वर्दळ, म्हणून दिवसभर इथं येऊन बसतात. पांढरा हाफ शर्ट, खिशात कंगवा आणि विड्यांचं बंडल, खांद्यावर टॉवेल. सोलापुरी टॉवेलच, आणि कडेचा एक धागासुद्धा सुटलेला नाही, कारण मामांनी 34 वर्षं टॉवेलच्या मागांवर जॉबरकी केलेली. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. पन्नास माग एकाच वेळी खडखडत असताना त्यातला नेमका कुठला आजारी आहे हे ज्याला चालत चालत कळतं तो जॉबर. हे सगळं मला मिस्त्रीनं नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक म्हातारा माणूस उठून माझ्या गाडीपाशी येतोय आणि हात वर करून सांगतोय, "बंद करू नका ओ. चालू ठेवा."

मामांनी आधी सीटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. वैद्य नाडी बघतात तसे तीन-चार श्वास गेले. मग मिस्त्रीच्या ट्रेमधला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक इंजिनाच्या बाजूला टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

"मामा दातानं ऐकतात," मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं मला हळूच म्हणालं. त्याच्या आवाजात आदर होता.

मामा ऐकत होते. बोळात मागं पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला होता. आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं टँकरच्या ड्रायव्हरला सगळे रस्ते आपलेच वाटतात. त्यानं हॉर्न दाबून धरला. मामा हलले नाहीत. पोरगं आत जाऊन चहा सांगून आलं. मामा ऐकतच होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, त्याबरोबर कवळीही काढली, दोन्ही टॉवेलनं पुसलं, कवळी परत बसवली.

म्हणजे मघापासून जे ऐकत होते ते दातसुद्धा विकतचे होते.

"हे लंगडतंय ओ," मामा म्हणाले.

"कोण?"

"इंजिन. एक पाय आखूड हाय." त्यांनी पाना उचलून पत्र्याच्या दारावर ठेका धरला. ट-टक्... ट-टक्... ट-टक्... "ऐका की. असं पाहिजे: टक्, टक्, टक्, टक्. हे कसं चाललंय? ट-टक्."

मी थक्क झालो. कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. चाळीस रात्री इअरफोन लावून मला जे वाचून कळलं होतं, ते या माणसाला कवळीतून कळलं होतं. मी उत्साहानं समजावायला बसलो. "मामा, ते तसंच आहे. आत दोन दट्टे आहेत. ते सारख्या अंतरानं पेटत नाहीत. एक पेटला की आतला दांडा 270 अंश फिरल्यावर दुसरा, मग 450 अंश थांबायचं, मग पुन्हा पहिला."

"मग दुरुस्त करून घ्या की."

"मुद्दाम केलंय ते."

"कोणी?"

"कंपनीनं."

"लंगडं?"

"हो. आवाज चांगला येतो म्हणून. जुन्या व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा."

"नवं असतानाच लंगडं?"

"हो मामा."

मामांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं मान डोलावली, म्हणजे खरंय. मामा पुन्हा माझ्याकडं वळले. "आणि तुमी पैसे दिलाव?"

टँकरवाला आता खाली उतरून आला होता. त्याला वाटलं इथं काही अपघात झालाय. त्याला थोडक्यात सांगितल्यावर तोही थांबला.

"आमच्यात माग असा बोलायला लागला ना," मामा टँकरवाल्याला सांगायला लागले, "तर धोटा उडून माणसाच्या डोळ्याला लागत होता. शेठ पगार कापत होता माजा. ह्यांनी पैसे देऊन आणलं!" टँकरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत दया होती, आणि टँकरवाल्याची दया ही फार खालच्या पायरीवर उतरल्यावर मिळणारी गोष्ट आहे.

मग मामांनी सायलेन्सर तपासायला घेतले. ते गाडीच्या डाव्या अंगाला गेले आणि डोकं वळवून उजवा कान खाली कंपनीच्या सायलेन्सरपाशी नेला. "हे बंद हाय." मी म्हणालो, चालू आहे. "बंद हाय ओ," ते ठाम होते. मग गाडीला वळसा घालून उजव्या अंगाला आले, आता तिथं कान कोणता येतो याचा त्यांना हिशेब करावा लागला, म्हणून गाडीकडं पाठ करून उभे राहिले आणि मान मागं वळवून उजवा कान नव्या मेगाफोनला दिला. मी विचारलं, असं उलटं का? पोरगं म्हणालं, "मामांचा डावा कान गेलाय. डाव्यानं काहीच येत न्हाई."

पोरगं हे म्हणालं तेव्हा मामांनी ते ऐकलं. पोरगं उजवीकडं होतं.

"पयल्या दोन महिन्यांत घरी गेल्यावर कान वाजत होता," मामा म्हणाले. "सुंई करून. रातभर. मग बंद झाला. मला वाटलं, सवय झाली." विडी काढली, पेटवली नाही. "सवय न्हाई ओ. कान गेला."

कुणीच काही बोललं नाही. टँकरवाल्यानं विनाकारण स्वतःच्या टायरला लाथ मारून बघितली.

माझं आजोळ साखर पेठेत. लहानपणी सुट्टीत तिथं झोपायचो तेव्हा शेजारचे माग रात्रभर चालायचे, खटाक्-खटाक्, आणि वीज जाऊन ते थांबले की सगळी पोरं दचकून उठायची. शांततेनं जाग यायची. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा मी ऐकलेला नाही, पण आजी शेवटपर्यंत वेळ सांगताना 'भोंगा झाल्यावर' म्हणायची. भोंगा बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. हे गाव आवाजावरच वाढलंय. त्या आवाजात नेमके कुणाकुणाचे कान जात होते, हे मला त्या दिवशी त्या बोळात पहिल्यांदा सुचलं. पण माझी मोटारसायकल चालू होती, आणि मी तिथं आवाज विकत घ्यायला गेलो होतो.

"ह्याला पावर हाय," मामांनी नव्या मेगाफोनबद्दल निकाल दिला. "पर कशाला पायजे?"

मी तयार उत्तर दिलं. सगळे देतात तेच. सुरक्षिततेसाठी. लोकांना कळतं गाडी येतेय.

"हॉर्न न्हाई का?"

"आहे."

"मग?"

"हॉर्न सारखा वाजवता येत नाही मामा. हा आवाज सतत राहतो."

मामा वाकले, मेगाफोनच्या तोंडात डोकावले. मग सरळ झाले. "भोक मागं हाय की ओ. पुढच्याला कसं कळणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

"कितीला?"

"जोडी साडेसोळा हजार."

"आवाजाचे?"

"आवाजाचे."

मामांनी आता विडी पेटवली. "मला फुकट मिळाला ओ," ते म्हणाले. "वर पगार देत होते."

आणि तरीही मी जोडी घेतली. माणूस एकदा चाळीस रात्री घालवून बसला की त्याला कुठलंही सत्य अडवू शकत नाही. डीबी किलर घालूनच घेतली, एवढीच माझी सभ्यता. कंपनीचे जुने दोन सायलेन्सर जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणले. आता ते गॅलरीत आहेत आणि आईनं त्यांच्या आधारानं कडीपत्त्याची कुंडी उभी केली आहे.

पहिला आठवडा मजेत गेला. विजापूर रोडला जिथं कंपाउंडच्या लांब भिंती आहेत तिथं भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकायला मी विनाकारण वळसे घातले. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून हलकेच पट्-पट् असे फुटाणे फुटतात. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटतं, बस्स, पण ऐकायला असं वाटतं की गाडी मनातल्या मनात शिव्या देतेय. सात रस्त्याला चार फेऱ्या मारल्या, कडबेवाले भेटतील म्हणून. नाही भेटले. आणि खरं दुःख हे, की इतर कुणीही वळून बघितलं नाही. कॉलेजातली पोरं दीडशे सीसीच्या गाडीचा सायलेन्सर आतून कोरून सिग्नलला फाट्-फाट् फटाके फोडतात, त्यांच्याकडं सगळा चौक बघतो. साडेसोळा हजारांच्या संयत, घुमारदार, मध्यमवर्गीय आवाजाकडं कोण बघणार?

शिवाय भीती. मोटार वाहन कायद्याच्या 190(2) कलमाखाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, लायसन्सही तीन महिने जातं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या शहरातून पेपरात येतात. ते बघताना मला साडेसोळा हजारांची चपाती दिसते. त्यामुळं चौकात वाहतूक पोलीस दिसला की मी क्लच दाबतो आणि सासऱ्यांसमोरून जावं तसा अंग चोरून सरकतो. म्हणजे जिथं माणसं आहेत तिथं आवाज बंद, आणि जिथं मी एकटा आहे तिथं चालू. हा आवाज मला घरबसल्या इअरफोनमध्ये फुकट मिळत होता.

आणि आता ही चिठ्ठी.

राग चिठ्ठीचा नाही. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, मला पाठ आहे. पण मग वर्षातून कितीतरी वेळा (मोजणं मी सोडलंय) आमच्या रस्त्यानं मिरवणूक जाते, पुढं स्पीकरच्या भिंती, आणि आमच्या स्वयंपाकघरातली ताटं मांडणीवर आपोआप वाजायला लागतात. खिडकीच्या काचा थरथरतात. आईच्या छातीत धडधडतं म्हणून तिची गादी मागच्या खोलीत न्यावी लागते, आणि ती तिथं कानात कापूस घालून, भिंतीकडं तोंड करून बसते. बोलत नाही. मीही बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. त्या भिंती ओढायला पुढं काय असतं? ट्रॅक्टर. खराखुरा, लाल रंगाचा, हार घातलेला ट्रॅक्टर. त्याच्या टाकीवर आमच्या सोसायटीतल्या एकाही रहिवाशानं आजवर चिठ्ठी लावलेली नाही.

मीही नाही लावली. मी 501 रुपये वर्गणी दिली. पावती आहे.

चिठ्ठी कुणाची, याचा तपास मी अक्षरावरून केला. 'ट्रॅ'वरचा अर्धचंद्र मोजून काढल्यासारखा, शिरोरेघ अखंड, पूर्णविराम टाचणीच्या डोक्याएवढा. आमच्याकडं असं अक्षर एकाचंच असू शकतं, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. पण पुरावा नाही, आणि सर समोर आले की मी आजही नकळत खिशातून हात बाहेर काढतो. माणूस इतका सज्जन की जिन्यात भेटला तर आईची चौकशी करतो, आपल्या झाडाची लिंबं पाठवतो.

तेव्हा मी आता एक व्यवस्था केली आहे. सकाळी गाडी पार्किंगमध्ये चालूच करत नाही. न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत गेटबाहेर नेतो, पुढं कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत, आणि तिथं चालू करतो. दोनशे किलोंच्या वर वजन, गेटपाशी चढ, पावणेनऊलाच चाळिशीकडं निघालेलं ऊन, बँकेचा इस्त्रीचा शर्ट. पहिल्या दिवशी वॉचमननं विचारलं, "पेट्रोल संपलं का साहेब?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यानं एका बाटलीत थोडं पेट्रोल आणून ठेवलं होतं.

आज सकाळी चढावर गाडी अर्ध्यातच अडकली. पुढं जाईना, मागं सोडवेना. बूट घसरत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी सीटला हात लावला आणि वजन एकदम हलकं झालं. वळून बघितलं तर हेडमास्तर. हातात दुधाची पिशवी, कपाळावर गंध, फिरून आलेले.

"अरे, काय झालं?" ते जोर लावत, धापा टाकत म्हणाले. "ट्रॅक... गाडी बंद पडली का?"

मी थांबलो. तेही थांबले. गाडी मागं सरकायला लागली.

"ढकला सर," मी म्हणालो.